जुन्या चहाची किंमत नक्की कशाची? वयाची, मुरण्याची की साठवणीची?

कृष्णाकाठ (सांगली) | धागाकर्ता

पु-अर या चीनच्या मुरवलेल्या चहाची दाबलेली चकती हातात आली की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती वर्षं जुना?" माझ्या मते हा तिसरा प्रश्न असायला हवा. त्याआधी पान कसं मुरवलं हे विचारायचं, आणि मग इतकी वर्षं ते कुठल्या हवेत पडून होतं हे विचारायचं. ही दोन उत्तरं नसतील तर वयाला काही अर्थ नाही. सध्या ऑनलाइन बाजारात मात्र नेमकी वयावरच किंमत लावलेली दिसते. विश्रामबागेत आम्ही काही जण अधूनमधून एकत्र बसून चहा चाखतो, तिथे यावर बरंच बोलणं झालं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी आपला रोजचा चहा. कारखान्यात पान सुकवतात, यंत्रात चुरतात आणि गार, दमट खोलीत पसरून ठेवतात. तिथले लोक याला फर्मेंटेशन म्हणतात, पण त्यात जिवाणू किंवा बुरशीचा हात नसतो. पानातलंच एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कॅटेचिन्स या तुरट घटकांचं रूपांतर थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या रंग देणाऱ्या घटकांमध्ये करतं. पान तांबूस होतं, आणि योग्य वेळी गरम हवेत वाळवून ही क्रिया बंद पाडतात. म्हणजे हा चहा कारखान्यातून निघतो तेव्हा त्याचं घडणं संपलेलं असतं.

पु-अरचं तसं नाही. चीनच्या युन्नान प्रांतात, म्यानमार आणि लाओसच्या सीमेलगतच्या डोंगरांत, मोठ्या पानाची जात वाढते. आपल्या आसामच्या चहाचीच ही जात. पान थोडं सुकवून मोठ्या लोखंडी कढईत भाजतात, मळतात आणि उन्हात वाळवतात. कढईची आच बेताची आणि वाळवण उन्हाची, त्यामुळे पानातली एन्झाइम्स पुरती निकामी होत नाहीत. मग पान वाफवून दगडी साच्याखाली दाबलं की चकती तयार. एक चकती ३५७ ग्रॅमची, सात चकत्यांचा बांबूच्या सालीत बांधलेला गठ्ठा साधारण अडीच किलोचा. हा झाला शंग, म्हणजे कच्चा पु-अर. नवा असताना हिरवट, कडवट, जिभेला चावणारा. वर्षं जातील तसा रंग पिवळ्याकडून तांबड्याकडे जातो, तुरटपणा उतरतो, कापूर, जुनं लाकूड, खारीक असे वास वर येतात. घोट गिळल्यावर घशात मागाहून गोडवा येतो, आणि तो बराच वेळ रेंगाळतो.

दुसरा प्रकार शौ, म्हणजे पिकवलेला. हाँगकाँगच्या चहाघरांना जुन्या, काळसर, सौम्य चहाची सवय होती आणि जुना माल पुरत नव्हता. तेव्हा १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या सरकारी कारखान्यात ओल्या ढिगाची पद्धत बसवली गेली, आणि पुढे मंगहायच्या कारखान्याने ती मोठ्या प्रमाणावर चालवली. कित्येक टन पान फरशीवर कंबरेच्या आसपास उंचीच्या ढिगात रचायचं, पाणी शिंपडायचं, कापडाने झाकायचं. सूक्ष्मजीव कामाला लागले की ढीग आतून तापतो, पन्नास अंशांच्या वर जातो. फार तापला तर पान करपतं, म्हणून ठरावीक दिवसांनी ढीग फोडून वरखाली करायचा. दीड-दोन महिन्यांत पान गडद तपकिरी होतं. ढीग कधी फोडायचा हे सांगणारा माणूस हीच त्या कारखान्याची खरी संपत्ती.

आता किंमतीचं बघा. शौचं बरंचसं परिवर्तन ढिगातच झालेलं असतं. पुढे दोन-चार वर्षांत ढिगाचा उग्र वास उडून जातो, चव गोलसर होते, त्यानंतर बदल फार मंद. म्हणून पंधरा वर्षांच्या शौसाठी पाच वर्षांच्या शौच्या कितीतरी पट पैसे मोजणं मला पटत नाही. शंगचं उलट आहे. तिथे काळ खरंच काम करतो, पण साठवण चांगली असेल तरच.

माझा प्रश्न असा, की आपल्या सांगली-साताऱ्याच्या हवेत शंग मुरवता येईल का? अनुभव असेल तर लिहा. नसेल तरी तर्क मांडा.

---

हरिपूरकर (हरिपूर)

धागा आवडला. माझा चहाचा अभ्यास नाही, पण साठवणीचं थोडं माहीत आहे, कारण आमच्या घरात हळदीची पेवं होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरिपूरची माती अशी आहे की जमिनीत खोल खड्डा काढला तरी ढासळत नाही. वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट मोठं. तळाला आणि कडेला पाला, चटया लावून हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद राहते. कीड लागत नाही, रंग उतरत नाही. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आत श्वास घ्यायला हवा नसते. आधी कंदील सोडून बघतात. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं निकामी झाली, आणि आता शीतगृहांमुळे नवीन कुणी काढत नाही.

तर विचारायचं हे, की अशा पेवात चहाची चकती ठेवली तर मुरेल का? आत गारवा असतो, अंधार असतो, तापमान हलत नाही. कागदावर तरी सगळं जुळतंय.

---

कृष्णाकाठ (सांगली)

हरिपूरकर, तुमच्या प्रश्नाने मूळ मुद्दाच समोर आणला. पेवात हळद टिकते ती तिथे काही घडत नाही म्हणून. हवा संपली की कीडही जगत नाही आणि रंगही उडत नाही. हळद भरली तशीच बाहेर निघावी हाच तिथला हेतू. शंग चहा तसा कोंडला तर जवळजवळ जागच्या जागी थांबेल. त्याला थोडा ऑक्सिजन हवा, हवेत साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी आणि वीस ते तीस अंशांची ऊब हवी. म्हणूनच चकती साध्या कागदात गुंडाळलेली असते. प्लॅस्टिकमध्ये किंवा घट्ट डब्यात ठेवली तर ती खराब होणार नाही, पण पुढेही सरकणार नाही.

तेव्हा हळदीचा वास नसलेल्या पेवात शौ ठेवलात तर तो आहे तसा राहील. शंगसाठी पेव नको.

---

माणदेशी (दहिवडी)

वाचतोय. एक साधा प्रश्न. आमच्याकडं म्हातारी चहाची पुडी पत्र्याच्या डब्यात घालून वर्षभर ठेवायची. मग ती पावडर बी मुरत असंल का? जुनी पुडी ज्यादा कडक लागती असं काही जण म्हणत्यात.

---

कृष्णाकाठ (सांगली)

नाही दादा. सीटीसीचे, म्हणजे यंत्रात चुरून केलेल्या रोजच्या चहाचे, दाणे बारीक असतात, वास उडून जायला पृष्ठभाग मोठा मिळतो. एन्झाइम्स भट्टीतच संपलेली आणि पानात ओलावा अगदी थोडा, त्यामुळे नवीन काही घडायला वावच नाही. वास गेला की नुसता कडवटपणा आणि रंग उरतो, तोच काहींना कडक वाटतो. पावडर ताजी असताना संपवावी. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडीचंही तेच, त्याचा सुगंध वर्षभरात बराच खाली येतो.

---

सूक्ष्मदर्शी (मिरज)

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून ढिगात नक्की काय होतं ते जरा खोलात लिहिते.

ओल्या ढिगातला सर्वांत ठळक रहिवासी म्हणजे ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी आणि तिच्या जवळच्या जाती. तिच्या जोडीला ब्लास्टोबोट्रिस ॲडेनिनिव्होरान्स हे यीस्ट, आणि ढीग तापल्यावर उष्णता सोसणारे जिवाणू. बुरशी पानाच्या पेशीभित्तिका फोडणारी एन्झाइम्स बाहेर सोडते, त्यामुळे पान मऊ पडतं आणि गोडसर घटक मोकळे होतात. तुरटपणा देणारी कॅटेचिन्स झपाट्याने घटतात. त्यांच्यापासून गॅलिक ॲसिड सुटतं, आणि उरलेली एकमेकांशी, प्रथिनांशी, शर्करांशी जुळून थिआब्राउनिन नावाचे मोठे, गडद तपकिरी रेणू तयार होतात. शौचा काळसर रंग आणि जिभेवरचा जाडपणा यांचाच. कॅफीन मात्र फारसं कमी होत नाही, त्यामुळे "जुना चहा म्हणजे झोपेला त्रास नाही" हे गृहीत धरू नका.

वासाचंही रसायन आहे. शौचा जो जुनाट, लाकडी वास असतो तो मुख्यतः मिथॉक्सीबेन्झीन गटातल्या संयुगांचा. बुरशी गॅलिक ॲसिडवर काम करते त्यातून ती तयार होतात, असं मानलं जातं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येणारा वास जिओस्मिनचा, तोही काही चहांत सापडतो. पण जिओस्मिन जास्त झालं तर मी तो चहा साठवणीत बिघडलेला समजते.

धाग्यात अजून न आलेला एक प्रकार सांगते. हूनान प्रांतातल्या आन्ह्वाच्या फू विटा. चहाच्या विटेत ठरावीक ओलावा ठेवून उबदार खोलीत मुद्दाम एक बुरशी वाढू देतात, ॲस्परजिलस क्रिस्टाटस. वीट फोडली की आत पिवळेधमक ठिपके दिसतात. तिकडे त्यांना सोनेरी फुलं म्हणतात आणि फुलं जितकी दाट तितका भाव जास्त. बाजारात बुरशी दिसली की माल नाकारतात, इथे ती मोजून घेतात. अट एवढीच, की बुरशी तीच हवी आणि ती विटेच्या आत, सारखी पसरलेली हवी. वरच्या बाजूला हिरवा, काळा किंवा केसाळ थर दिसला तर ती वेगळी बुरशी. तो चहा टाकून द्या. वरचा थर खरवडून उरलेला प्यायचा असला प्रयोग करू नका.

---

यवतेश्वर (सातारा)

ताई, प्रतिसाद जपून ठेवला. माझ्या वडिलांना साखर आहे आणि कोलेस्टेरॉलही वाढलेलं आहे. कुणीतरी त्यांना सांगितलंय की पु-अरने दोन्ही उतरतं, रोज तीन कप घ्या. खरं आहे का?

---

सूक्ष्मदर्शी (मिरज)

थिआब्राउनिन आतड्यातल्या जिवाणूंवर आणि पित्ताम्लांवर परिणाम करून कोलेस्टेरॉल कमी करतं, असं २०१९ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. संशोधन चांगलं आहे. पण त्यावरून तुमच्या वडिलांच्या कपाचा डोस ठरत नाही. त्यांनी गोळ्या सुरू ठेवाव्यात, चहा आवडला तर बिनसाखरेचा प्यावा, आणि तीन कप रोज घ्यायचे असतील तर डॉक्टरांना आधी विचारावं. कॅफीनचा प्रश्न आहेच.

अजून एक काळजी. स्वस्त विटांच्या चहात जून, राठ पानं आणि देठ असतात आणि जून पानांत फ्लोराइड जास्त साठतं. तिबेट आणि अंतर्गत मंगोलियात पिढ्यान्‌पिढ्या विटेचा चहा दिवसभर पिणाऱ्यांत हाडांचा फ्लोरोसिस आढळलेला आहे. अधूनमधून चांगल्या पानाचा पु-अर घेणाऱ्याला घाबरण्याचं कारण नाही. पण "जुना म्हणजे औषधी" या समजुतीवर स्वस्त वीट आणून लिटरभर रिचवू नये.

---

बेदाणा_तासगाव (तासगाव)

मला व्यापाराच्या बाजूने बोलायचं आहे. ज्या मालाची किंमत साठवणीवर ठरते, त्यात पहिला प्रश्न पावतीचा. आमच्या शीतगृहात माल कधी आला, कुठल्या लॉटचा, कधी उचलला, सगळ्याची नोंद असते. चहाच्या चकतीची अशी नोंद कोण ठेवतं? वेष्टनावर १९९९ छापलंय म्हणून मी मानायचं?

मध्यंतरी एका ऑनलाइन विक्रेत्याने मला ७५४२ असा आकडा असलेली चकती "पंचाहत्तर सालची" म्हणून दाखवली. भाव ऐकून मी तिथेच फोन ठेवला.

---

कृष्णाकाठ (सांगली)

फोन ठेवलात ते बरं केलंत. ७५४२ मधले ७५ हे ती मिश्रणाची कृती कधी ठरली ते सांगतात, म्हणजे १९७५. चौथा आकडा २ म्हणजे मंगहायचा कारखाना, आणि मधला ४ पानाच्या प्रतीचा. याच कृतीने आजही चकत्या निघतात. गेल्या वर्षी दाबलेली चकतीसुद्धा ७५४२ च असते. हा आकडा वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवणं फार सोपं आहे, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

तुमचा पावतीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि या बाजाराचं दुखणं तेच आहे. वेष्टन नवं छापता येतं, जुन्या कागदासारखं पिवळं करता येतं. त्याहून वाईट म्हणजे चहाच जुना दिसायला लावता येतो. नवी चकती दमट, कोंदट गोदामात काही महिने ठेवली की पान काळवंडतं आणि काढाही तांबडा येतो. डोळ्याला वीस वर्षं दिसतात. पण घोट घेतला की घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, कुबट वास तीन-चार पाण्यांनंतरही (तेच पान पुन्हापुन्हा नव्या पाण्यात भिजवूनही) जात नाही, आणि भिजलेलं पान उलगडून बघितलं तर चामड्यासारखं ताठ किंवा चिखलासारखं लगदा झालेलं असतं. नीट मुरलेल्या शंगचं पान भिजल्यावर तपकिरी पण लवचीक असतं, बोटांत ताणलं तर ताणतं. माझा भर या पानावर असतो. वेष्टनाआधी मी ओलं पान बघतो.

---

बेदाणा_तासगाव (तासगाव)

ओलं पान बघायचं हे पटलं. पण विकत घेण्याआधी ते बघायला मिळणार कसं?

---

कृष्णाकाठ (सांगली)

दहा-वीस ग्रॅमचा नमुना मागायचा. चांगला विक्रेता नमुना देतो, पैसे घेऊन का होईना. नमुना न देता पूर्ण गठ्ठाच घ्या म्हणणाऱ्याकडून मी घेत नाही.

आणि गुंतवणूक म्हणून घेत असाल तर २००७ आठवा. त्या वर्षीच्या वसंतात पु-अरचे भाव आभाळाला भिडले होते. चहा न पिणारेही गठ्ठेच्या गठ्ठे साठवत होते, कारण पुढच्या महिन्यात भाव वाढणारच असं सगळ्यांना वाटत होतं. त्याच वर्षी बाजार कोसळला आणि घेतलेला माल निम्म्यालाही कुणी विचारेना. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, चीनने राष्ट्रीय मानक लागू केलं: युन्नानच्या ठरलेल्या भागातल्या, मोठ्या पानाच्या, उन्हात वाळवलेल्या चहालाच पु-अर म्हणायचं. त्याने कुठून आला हा प्रश्न बराच सुटला. कुठे आणि कसा ठेवला हा अजून तसाच आहे.

---

मेणवली_घाट (वाई)

मूळ प्रश्नाकडे येते. आमचा वाईतला वाडा जुना, भिंती जाड, माडीवर उन्हाळ्यातही घराच्या इतर भागांपेक्षा गारवा. गेली काही वर्षं दोन शंग चकत्या तिथे कोरीव लाकडी पेटीत ठेवल्या आहेत. पावसाळ्यात पेटी उघडली की चहाचा वास चांगला घमघमतो, मे महिन्यात मात्र वास अगदी बसलेला असतो. चवीत फरक आहे, नवी असताना जी चकती कडू लागायची ती आता बरीच मवाळ झाली आहे. पण हे मुरणं आहे की नुसतं वास उडणं, हे मला ठरवता येत नाही.

---

टेबललँड (पाचगणी)

मेणवली_घाट ताई, तुमच्याकडे जमलं, आमच्याकडे नाही. पाचगणीत आमच्या घरी कपाटात ठेवलेल्या चकतीवर श्रावणात पांढरी लव आली. आमच्या इथे पावसात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी येते. महाबळेश्वरकडे तर विचारूच नका. घाटमाथ्यावर शंग मुरवायचा विचार कुणी करत असेल तर माझा सल्ला, करू नका.

---

सूक्ष्मदर्शी (मिरज)

टेबललँड, तुमच्या चकतीचं उत्तर साधं आहे. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा हलली नाही की बुरशी येणारच, ते टाळायचं असेल तर पावसाळ्याचे चार महिने चकती बंद पिशवीत घालून ठेवायची आणि दिवाळीनंतर पुन्हा कागदात.

मेणवली_घाट, तुमच्यासाठी कसोटी सांगते. नुसता वास उडाला असेल तर चव पातळ होते, पाचव्या-सहाव्या पाण्याला चहा संपतो, शेवटी फक्त कडवट पाणी. मुरला असेल तर कडवटपणा कमी होऊनही काढ्याला वजन राहतं आणि बऱ्याच पाण्यांपर्यंत गोडवा टिकतो. रंगही बघा, पिवळ्यावरून नारिंगीकडे गेला असला पाहिजे.

---

मेणवली_घाट (वाई)

नारिंगी आहे. आठव्या पाण्यालाही गोड लागतो. म्हणजे माडीला गुण आहे म्हणायचा. 🙂

---

कृष्णाकाठ (सांगली)

हा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला ताई. याच उत्तरासाठी धागा काढला होता.

चीनमध्येही हाच भेद आहे. कुनमिंग सुमारे १,९०० मीटर उंचीवर, हवा कोरडी आणि थंड. तिथे ठेवलेला शंग वर्षानुवर्षं उग्र आणि सुगंधी राहतो, बदल सावकाश. ग्वांगडाँग आणि हाँगकाँगची हवा दमट आणि उबदार, तिथे तोच चहा लवकर गडद आणि मऊ होतो, पण चूक झाली तर कुबटही होतो. हाँगकाँगमधले काही जुने व्यापारी चहा आधी दमट तळघरात ठेवून नंतर कोरड्या गोदामात हलवायचे आणि कुबटपणा निघून जाईपर्यंत विकायचे नाहीत. म्हणून एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या दोन चकत्या दोन शहरांत ठेवल्या तर वीस वर्षांनी त्या दोन वेगळे चहा असतात, भावही वेगवेगळे.

आपल्याकडे सांगली कोरडेपणात कुनमिंगच्या जवळची, पण मे महिन्यातली उष्णता फार. वाई मधली. घाटमाथा हाँगकाँगपेक्षाही ओला, आणि वर थंड. सांगलीत ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, तळमजल्यावर नको. २०१९ च्या महापुरात गावभागात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

आणि वास. चहाचं पान शेजारचा वास ओढून घेतं. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीजवळ, देवघरात उदबत्तीजवळ, कपाटात डांबराच्या गोळ्यांजवळ कधीही ठेवू नका. हळदीच्या गोदामातही नको, हरिपूरकर. 🙏

---

यवतेश्वर (सातारा)

यात भारताचा काही वाटा आहे का? पान आसामचंच म्हणालात, मग मुरवण्याची रीत आपल्याकडे कशी नाही?

---

कृष्णाकाठ (सांगली)

आहे की. आसाम-अरुणाचलच्या सीमेवरचे सिंगफो लोक फालाप नावाचा चहा करतात. पान कढईत भाजून, उन्हात वाळवून बांबूच्या नळीत ठासून भरायचं आणि नळी चुलीच्या वर धुरात ठेवायची. असा चहा वर्षानुवर्षं टिकतो, हवा तेवढा तुकडा कापून घ्यायचा. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला आसामात चहाचं झाड आहे हे कळलं ते बेसा गाम या सिंगफो प्रमुखाकडून. पुढे मळे उभे राहिले ते ब्रिटिशांना हव्या असलेल्या काळ्या चहाचे, आणि सिंगफोंची रीत त्यांच्या गावांपुरतीच उरली. युन्नानच्या चिंगमाई डोंगरावरच्या जुन्या चहावनांना २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. फालापलाही तशी ओळख मिळावी असं मला फार वाटतं. तो चहा जगातल्या कुठल्याही मुरलेल्या चहाच्या पंक्तीला बसेल.

सीमेपलीकडे म्यानमारमध्ये चहाचं पान आंबवून चक्क खातात, लाफेत म्हणून. जपानातल्या शिकोकू बेटावर 'गोइशी-चा' आणि 'आवा बान्चा' हे दोन चहा लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी आंबवतात, चव आंबट. आणि चीनच्याच ग्वांगशीमधला ल्यू-पाव, जो बांबूच्या टोपल्यांत भरून मलायातल्या कथील खाणींतल्या चिनी मजुरांसाठी जहाजाने जायचा. जुना ल्यू-पाव आजही मलेशियात निघतो.

---

माणदेशी (दहिवडी)

शेवटचं इचारतो. पिण्याची रीत काय? आणि दूध घातलं तर चालतंय का, का पाप?

---

कृष्णाकाठ (सांगली)

चकती हाताने मोडू नका, पान तुटतं. पोती शिवायची दाभण कडेने आत घालून हळूच उचकटायची, पापुद्रे सुटतात. पाच-सहा ग्रॅम पान, शंभर मिली पाणी, उकळतं. पहिलं पाणी ओतून लगेच टाकून द्यायचं. मग दहा-पंधरा सेकंदांत गाळायचं आणि प्रत्येक वेळी थोडा वेळ वाढवायचा. शौ असेल तर एवढी काळजी नको, पातेल्यात उकळला तरी चालतो.

दुधाचं म्हणाल तर पाप कसलं. तिबेटात विटेचा चहा उकळून याकचं लोणी आणि मीठ घालतात, मंगोलियात दूध आणि मीठ. शौमध्ये दूध आणि थोडा गूळ घालून बघा, मला आवडतो. जुन्या शंगमध्ये मात्र घालू नका. ज्या घशातल्या गोडव्यासाठी तो इतकी वर्षं सांभाळला, तोच दुधाखाली दबतो.

---

हरिपूरकर (हरिपूर)

एक सुचवतो. एकाच गठ्ठ्यातल्या तीन चकत्या घेऊ. एक सांगलीत वरच्या मजल्यावर, एक वाईच्या माडीवर, एक पाचगणीत, पावसाळ्यात पिशवीबंद. प्रत्येक ठिकाणी दीडशे-दोनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं घड्याळ. दर तीन महिन्यांनी आकडा आणि चकतीचं वजन इथेच लिहायचं. बेदाणा_तासगाव यांना जी पावती हवी होती ती अशी तयार होईल. माझ्या वाट्याचे पैसे मी देतो.

---

मेणवली_घाट (वाई)

वाईची जबाबदारी माझी.

---

टेबललँड (पाचगणी)

मी तयार आहे. पिशवी जूनच्या पहिल्या आठवड्यात लावतो. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालायच्या का, हे सूक्ष्मदर्शी ताईंनी सांगावं.

---

सूक्ष्मदर्शी (मिरज)

त्या पुड्या नकोत, त्या पान अगदी कोरडं करतील. बासष्ट किंवा पासष्ट टक्क्यांवर आर्द्रता धरून ठेवणाऱ्या पुड्या मिळतात, त्या घाला. आणि तिन्ही चकत्या ठेवण्याआधी प्रत्येकीतले दहा ग्रॅम काढून हवाबंद करून माझ्याकडे पाठवा. तुलनेला मूळ नमुना लागेल.